सुनेच्या मापाची सावली

सकाळी नवरा, बायको आणि सासूबाई कामाला उत्तरेकडे निघत आणि संध्याकाळी दक्षिणेकडे परतत. त्यामुळे सूर्य जाताना उजवीकडे आणि येतानाही उजवीकडे. स्टिअरिंगवर नवरा असे, म्हणून त्याचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा पडला होता. डावीकडे सावलीत बसणारी बायको कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. हे असं होणार हे तिने गाडी घेतली तेव्हाच सांगितलं होतं, आणि मी चालवू का, असंही विचारलं होतं. लायसन्स तिच्या पर्समध्ये होतं. पण नवऱ्याच्या मते तिला अजून रस्त्याचा अंदाज नव्हता.

ऊन अडवायला काचेवर पाडतात ती फळी, म्हणजे व्हायजर, बाजूच्या खिडकीकडे वळायचा खरा, पण नेमका नवऱ्याच्या डोळ्यांच्या अलीकडे संपायचा. त्याने खिडकीत टॉवेल अडकवून पाहिला; तो पहिल्याच वळणाला मांडीवर पडला. मग पुठ्ठा चिकटवला. पुठ्ठ्याने आरसा झाकला आणि मागच्या बसवाल्याने त्याच्या खानदानाची विचारपूस केली.

मागच्या सीटवरून सासूबाई हे पाहत असत. त्यांचं कपडे शिवण्याचं, उसवून दुरुस्त करण्याचं दुकान होतं. एका संध्याकाळी भाजी निवडताना त्या सुनेला म्हणाल्या, "बाही आखूड पडली की आम्ही खाली जोड देतो. त्या फळीला कुणी जोड का देत नाही गं?"

रविवारी सकाळी नवरा आंघोळीला गेला. त्याची आंघोळ म्हणजे निवांत काम. गाडी गल्लीत उत्तरेकडे तोंड करूनच उभी असायची. दोघी आत शिरल्या. सुनेने सीट पुढे ओढली आणि स्टिअरिंग धरलं. सासूबाईंनी टेप काढला, तोंडात टाचण्या धरल्या आणि मान ताठ ठेवायला बजावलं.

मग सासूबाईंनी शिवायला घेतलं: काळं कापड, आत कॉलरला घालतात ते कडक बकरम. व्हायजरवर चढणारी खोळ आणि तिच्यातून मागे नि खाली सरकणारी पट्टी. सून ती लगेच लावायला निघाली, तर सासूबाईंनी आपल्या पिशवीत टाकली. आयती सावली मिळाली तर तो जन्मात त्या सीटवरून हलायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग रोज गाडीत दोघी वाट पाहत राहिल्या. सून पेपर तपासायची, सासूबाई काजं करायच्या. नवरा एका हाताने कपाळावर छप्पर धरून गाडी हाकायचा. शेवटी एका सकाळी त्याने बायकोला विचारलं, सिग्नल हिरवा आहे का? पुढच्या चौकातही तेच विचारलं.

"सिग्नल मी बघतेच आहे," ती म्हणाली. "बाकीचा रस्ताही बघते की."

त्याने गाडी कडेला घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "घे बाई. चालव."

ती उजवीकडे आली. सीट पुढे, आरसे नीट. मागून सासूबाईंचा हात आला आणि त्यात खोळ होती. तिने ती व्हायजरवर चढवली, पट्टी सरकवली आणि डोळ्यांवर सावली पडली. नवऱ्याने खोळीकडे पाहिलं, मग आईकडे.

"हे कधी शिवलंस?"

"तू आंघोळीला होतास," सासूबाई म्हणाल्या.

तिने गाडी सुरळीत नेली. वाटेत त्याने तीनदा पायाने नसलेला ब्रेक दाबला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी जाऊन स्टिअरिंगवर बसला. लांब पायांसाठी सीट मागे ढकलली आणि ऐटीत पट्टी सरकवली. ऊन पट्टीच्या मागून सरळ डोळ्यात आलं. उंची जास्त, त्यामुळे खालच्या जोडाने आरसा झाकला. म्हणजे ऊन दिसत होतं, आरसा दिसत नव्हता. त्याने सीट पुढे घेऊन पाहिली, तेव्हा गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"आई, एवढं जरा उसवून माझ्या मापाचं करून दे ना."

सासूबाईंनी चष्मा पुसला. दुकानात कामं फार तुंबली आहेत, म्हणाल्या. नंबर लावावा लागेल.

तो उतरला आणि गाडीला वळसा घालून डावीकडे येऊन बसला. बायकोने सीट पुढे ओढली.

"त्या बाजूला ऊन येत नाही ना?" तिने विचारलं.

"गाडी काढ," तो म्हणाला.