न्हाणीघराला पाठ लावून

"ही भिंत गळते. स्वयंपाकघरात उंदीर. वरच्यांची पोरं दिवसभर धिंगाणा घालतात. आणि पाणी येतं करंगळीएवढं." भाडेकरणीनं दार उघडता उघडता एका दमात सांगून टाकलं.

घरमालकाचा चेहरा आंबट झाला. "हिचं मनावर घेऊ नका, मावशी. येईल त्या गिऱ्हाइकाला ही हेच ऐकवते. व्यवहार होऊ दे, महिन्याभरात हिला बाहेर काढतो. मोकळं घर तुमच्या ताब्यात."

मावशी म्हणजे पाळणाघराच्या मावशी. उभा जन्म दुसऱ्यांची मुलं सांभाळण्यात गेला, तोही भाड्याच्या खोल्यांत. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. पाळणाघर बंद करायचं, साठवलेल्या पैशांतून एक लहानसं घर घ्यायचं, ते भाड्यानं द्यायचं आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, एवढाच बेत होता. दुसरा आधार नव्हता. घर फसलं की सगळंच फसलं. म्हणून तर त्यांनी बहिणीच्या मुलाला सोबत आणलं होतं. तो बँकेत होता आणि बसल्या जागी कशाचाही भागाकार करायचा. मावशी त्याला हिशेब्या म्हणायच्या.

हिशेब्यानं त्यांना खिडकीशी नेलं. "मावशी, घराच्या प्रेमात पडू नकोस. राहायचंय दुसऱ्याला. भाडं धरायचं ते बाराऐवजी दहाच महिन्यांचं, मध्ये घर रिकामं पडतंच. त्यातून सोसायटी, कर, डागडुजी वजा कर. उरेल त्यात तुझं भागतं का, तेवढं बघ."

"आणि भागतं का?"

"जेमतेम. भिंत खरंच गळत असेल तर नाही."

"दुसरं गिऱ्हाईक निघालंय हं," घरमालक घड्याळाकडे बघत म्हणाला. "टोकनचा चेक आत्ता दिलात तर त्यांना खालच्या खाली परत पाठवतो."

मावशींनी पर्समधलं चेकबुक चाचपलं, पण बाहेर काढलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. गळणाऱ्या भिंतीला टेकून गाद्यांची चळत रचलेली होती. उंदरांच्या स्वयंपाकघरात पावाचा पुडा ओट्यावर उघडा पडला होता. म्हणजे बाई थापा मारत होती. तरी मावशींच्या जिवाला चैन पडेना. पाळणाघरातलं जे पोर इथे दुखतंय, तिथे दुखतंय म्हणून भोकाड पसरतं, त्याला बहुधा काहीच झालेलं नसतं. ज्याला खरं लागलंय, ते मुकाट्यानं ती जागा हातानं झाकून बसतं. आणि ही बाई मघापासून न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभी होती.

"मला जरा पायांवर पाणी घ्यायचंय," मावशी म्हणाल्या.

"नळ बंद आहे," भाडेकरीण म्हणाली.

"हो हो, बंदच आहे," घरमालक म्हणाला.

आल्यापासून दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

"अरे हिशेब्या, यांच्याकडचे कागद जरा बाल्कनीत नेऊन बघ बरं, तिथे उजेड आहे." पुरुष बाहेर गेले तशा मावशी हळूच म्हणाल्या, "इतकं वाईट घर, तर सोडून का गं जात नाहीस?"

बाईनं हनुवटीनंच खिडकीबाहेर दाखवलं. "समोर बसडेपो. तिथल्या तिकीटखिडकीवर माझी पहाटेची पाळी असते. लेकीची शाळा मागच्या गल्लीत. या भाड्यात दुसरं कोण ठेवून घेईल मला?"

"भाडं वेळेवर देतेस?"

"एकदा चुकवलं असेल तर विचारा त्यांना."

"मग मला तुला काढायचं नाहीये. तू राहिलीस तर माझे रिकामे महिने वाचतात. आता हो बाजूला."

बाई बाजूला झाली. आत कोरड्या फरशीवर प्लॅस्टिकचा मोठा टब होता.

"टबात बसून अंघोळ करतो दोघी, आणि पाणी संडासात ओततो. फरशीखालचा पाइप फुटलाय. बादलीभर सांडलं की खालच्यांच्या छतातून ठिबकतं, ते तक्रार घेऊन येतात. बोललीस तर दुरुस्तीच्या नावानं घर रिकामं करून घेईन, अशी तंबी दिलीय घरमालकांनी."

तेवढ्यात बेल वाजली.

"थांबा, या दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी पळवते," बाई कुजबुजली. मावशींनी तिचं मनगट धरलं. "खोटं नको गं. खोट्यावर घेतलेलं घर मला पचायचं नाही. विचारलं तर खरं तेवढं सांग."

"आणि तुम्ही घर घेतलंच नाहीत तर? उद्या मी रस्त्यावर!"

मावशींनी मनगट सोडलं नाही. बाईनं दुसऱ्या हातानं दार उघडलं.

दारात एक जाडजूड गृहस्थ. "काय बाई, कसं काय आहे घर?"

घरमालक बाल्कनीतून धावत आला. बाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग मावशींकडे. "घर चांगलं आहे," ती म्हणाली. "भिंती कोरड्या आहेत. फक्त न्हाणीघर खाली गळतं."

"साफ खोटं!"

"मग ओतू या का एक बादली?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "मी खाली जाऊन थांबते."

घरमालकानं न्हाणीघराचं दार ओढून घेतलं. त्या बंद दाराकडे गृहस्थांनी क्षणभर पाहिलं, "फोन करतो" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

बाल्कनीतून आलेल्या हिशेब्याला मावशींनी फुटका पाइप आणि बाईला ठेवायचा बेत दोन वाक्यांत सांगितला. त्यानं बोटांवर आकडे मोजले. "फरशी, पाइप आणि खालच्यांचं छत, एवढं किमतीतून कमी करा. खालच्यांची तक्रार मिटल्याचं लेखी द्या. बाई राहणार, हेही करारात येऊ द्या. मग टोकन."

"परवडत नाही मला."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि चपला घालायला वळल्या. उजवी चप्पल डाव्या पायात गेली. भाडेकरीण भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. मावशींनी चप्पल काढली, नीट पायात घातली, दुसरीही घातली. दाराची कडी धरली.

"बसा हो, मावशी," तो मागून म्हणाला. "असं कुठे तडकाफडकी निघतं का कोणी?"

मावशी बसल्या. हिशेब्या आणि घरमालक आकड्यांवरून हमरीतुमरीवर आले होते. भाडेकरीण पाण्याचा पेला घेऊन आली तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते.

"भाडं वाढवाल?"

"यंदा नाही. पण फरशी फोडतील तेव्हा दोघींनी अंघोळीला माझ्याकडे यायचं. पाळणाघरात नळ पुष्कळ आहेत. पोरांसाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलेत, तेवढं चालवून घ्या."