लॉजसमोरचं चेंबर

शेगावात लॉजच्या ओळीसमोर रस्त्याच्या मधोमध गटाराचं एक चेंबर होतं. डांबराचे थर चढत गेले, रस्ता वर आला आणि झाकण खालीच राहिलं. वीतभर खोल खड्डा झाला. दिवाळीच्या आधी त्याच खड्ड्यात प्रसेनजितच्या मोटारसायकलचं पुढचं चाक गेलं आणि मागे बसलेली त्याची आई, जनकाबाई, डोक्यावर पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

उन्हाळा लागता लागता खाली गेलेली चेंबरं वर उचलायचं काम निघालं. ते वाहेद मिस्त्रीच्या टोळीला मिळालं. जनकाबाईचा नवरा दयाराम याच टोळीत गवंडी होता. वाहेदनं आदल्या दिवशीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की उद्या लॉजसमोर काम आहे, तू घरी राह्य, मी दुसरा माणूस लावतो. दयाराम म्हणाला, "काऊन? मी येतो."

तिथे गेल्यावर छातीत काहीतरी कालवेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. चेंबर चेंबरासारखं होतं. त्यानं कडेचं डांबर फोडलं, विटांचा थर दिला, वर लोखंडी चौकट बसवली आणि दोरी ताणून ती रस्त्याच्या पातळीला आली का, ते पाहिलं. मग घमेली येऊ लागली. तो चौकटीभोवती काँक्रीट ओतत गेला, सळईनं ठोसत गेला. हात आपलं आपलं काम करत होते.

समोरच्या चहाच्या टपरीवरून सरस्वतीबाई चहा घेऊन आल्या. पेला हातात दिला तरी त्या हलल्या नाहीत. त्या दिवशी जनकाबाईचं डोकं आपल्याच मांडीवर होतं, असं त्यांनी हळूच सांगितलं. तिनं पाणी मागितलं होतं, दोन घोट प्यालीही. दयारामला हे माहीत नव्हतं. "बरं केलं बाई," एवढंच तो म्हणाला. चहा गोड होता की नाही, तेही त्याला कळलं नाही.

वाहेदनं फोन केला असावा. दुपार कलल्यावर प्रसेनजित आला. दिवाळीपासून तो ह्या रस्त्यानं फिरकला नव्हता, स्टेशनला जायचं तरी वळसा घालून जायचा. गाडी लांब लावून तो चालत आला आणि ओल्या काँक्रीटकडे बघत उभा राहिला. बापलेक एका घरात राहत होते, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द झाला नव्हता.

"बाबा, मले गड्डा दिसलाच नाई."

"मालूम हाये मले."

रडू आवरताना प्रसेनजितचा चेहरा वाकडा झाला. त्याला जवळ घ्यावं, हे दयारामला समजत होतं, पण हात सिमेंटनं माखलेले होते आणि अंगात काहीच उठत नव्हतं. काँक्रीट आवळायला, घट्ट व्हायला लागलं होतं.

"पट्टी धर तिकून," तो म्हणाला.

पोरगा उकिडवा बसला. दोघांनी दोन्ही टोकांनी पट्टी ओढून काँक्रीट सपाट केलं. मग दयारामनं थापीनं कडा घासल्या. वाहेदनं चारी बाजूंनी दगड मांडले, दोरी बांधली आणि तुम्ही जा म्हणाला, ओलं आहे तोवर मी थांबतो.

घरी जाताना दयाराम गाडीवर मागे बसला. आधारासाठी त्यानं हात पोराच्या खांद्यावर ठेवला. खांदा हलत होता. त्याचे स्वतःचे डोळे कोरडेच होते. बाजारापाशी प्रसेनजितनं गाडी हळू केली आणि भाजी कोणती घ्यायची, ते विचारलं.

"घे कोन्तीबी," दयाराम म्हणाला, आणि उतरून पिशवी धरून उभा राहिला.