कपाटामागची पाटी

सरकारी दवाखान्यात कुणी गोड बोलायला लागलं की मी पिशवी घट्ट धरते. खिडकीवरचा कारकून तर फारच गोड. सूनबाईला ‘ताई’, मला ‘आई’. तीन खेपा झाल्या आणि तिन्ही वेळा एकच पालुपद: नवऱ्याची सही आणा, मग गर्भपाताचा कागद पुढे सरकेल.

नवरा, म्हणजे माझा लेक, जहाजावर. अजून दोन महिने किनाऱ्याला लागत नाही. सूनबाईचा धाकटा आठ महिन्यांचा. त्याच्या वेळी तिचं रक्त थांबता थांबेना. तिनेच ठरवलं, आता नको. लेकाने फोनवर हो म्हटलं, पण फोनमधून सही कशी काढायची? अकरावा आठवडा संपत आला होता. बारानंतर इथे करत नाहीत, मोठ्या इस्पितळात पाठवतात, तिथे पुन्हा पहिल्यापासून रांग. हा गोडबोल्या नुसते दिवस ढकलत होता.

मला सुनेचाही संशय आला. ही एवढी गप्प का? मन फिरलं, की कारकुनाला आतून काही सांगून ठेवलंय? बाकावर मी तिच्याकडे तिरकं बघत होते, ती फरशीकडे. मग मीही फरशीकडे बघितलं.

तीस वर्षं कचेऱ्यांच्या फरश्या पुसल्यात मी. अक्षरं मला एकेक लावावी लागतात, फरशी मात्र घडाघडा वाचते. कोपऱ्यात गंजाचे चार जुने डाग. तिथून दारालगतच्या लोखंडी कपाटापर्यंत ताजे ओरखडे. कोपऱ्यात सुखाने उभं असलेलं कपाट येण्याजाण्याच्या वाटेत कुणी उगाच आणत नाही.

कपाटामागे वीतभर फट होती. डोकं घातलं. आत पाटी. लावत लावत वाचली: ‘सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरेशी.’

शिपायाला म्हटलं, कपाट सरकव. तो कारकुनाच्या तोंडाकडे बघायला लागला. मग मीच खांदा लावला. कपाट हलेना. तेवढ्यात शेजारी दुसरा खांदा लागला, सूनबाईचा.

आवाजाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पाटी बघितली, मग कारकुनाकडे बघितलं. तो म्हणाला, भिंतीला ओल आली होती, दिसू नये म्हणून कपाट लावलं. मी भिंतीवरून हात फिरवला आणि कोरडा तळवा त्याच्या नाकापुढे धरला.

डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला आत नेलं. मीही निघाले, तर म्हणाल्या, “तुम्ही बाहेरच थांबा.”

दार पातळ होतं. मी कान लावला.

“सासूबाईंनी भाग पाडलंय का? मोकळेपणाने सांगा.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन खेपा मी घातल्या, कपाट मी हलवलं आणि संशय माझ्यावर?

सूनबाई म्हणाली, “त्यांना तर माझाच भरवसा नाही. मी ठरवलंय. कुठे करायची सही?”

मी मुकाट्याने बाकावर येऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते बरंच केलं. त्यांच्या जागी मी असते तर दोनदा विचारलं असतं.