बिनकाट्याचा मासा

चारुलताबाईंच्या फ्रीजमध्ये मासा शिरला, हे सारंगखेड्यात कुणाला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. शिरला तोही तीन पिशव्यांत गुंडाळून. त्याचा विटाळ नको म्हणून तुपासाठी साठवलेली साय शेजारच्या घरी मुक्कामाला गेली होती.

तसा पाटलांच्या घराण्यात मासा वर्ज्य नव्हता. तो फक्त उंबऱ्याच्या आत वर्ज्य होता. बाईंचे यजमान हिलालदादा यांनी दर रविवारी तापीकाठी जावं, कौसाबाई भोईणीकडून राहू मासा आणावा, मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर स्वतः रांधावा, एकट्यानं खावा, पातेलं राखेनं घासून गोठ्यातल्या खुंटीला टांगावं आणि आंघोळ करूनच घरात यावं, असा रिवाज. लग्नानंतर सासूनं तो सांगितला तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला होता. त्यांना वासच सहन होत नसे. अडतीस वर्षं दर रविवारी त्या मागचं दार ओढून घेत आणि पुढच्या खोलीत पेपर वाचत बसत.

यंदा भाद्रपदात दादांना लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. त्यानंतर कितीतरी रविवार आले आणि गेले, पण दादांनी माशाचं नाव काढलं नाही. मागितलं असतं तर बाईंना निदान चिडता तरी आलं असतं. हे न मागणं मात्र त्यांना सोसवेना. ताटात अर्धी भाकरी उरायची. दादांच्या गळ्याची हाडं दिसू लागली होती. डॉक्टर म्हणाले, आधी यांची अन्नावर वासना आणा, औषधाचं मग बघू.

गावातली घोड्यांची यात्रा संपली त्या आठवड्यात सुरतेहून लेक आली, चेतना, ती बर्फाच्या डब्यातून हे पाकीट घेऊनच. आत गोठवलेली माशाची करी आणि भात. आपण कामावरून दमून आलो की हेच गरम करतो, असं तिनं सांगितलं. काटे आधीच काढलेले, तेव्हा पप्पा डाव्या हातानं चमच्यानं खातील. निघताना तिनं आईची नेमकी दुखरी जागा ओळखली.

"मम्मी, तुले हात बी लावना पडाव नही," ती म्हणाली.

रविवारी संध्याकाळी बाईंनी पाकीट सांडशीत धरून बाहेर काढलं. गॅस चार पावलांवर होता, पण पाय आपोआप मागच्या अंगणाकडे वळले. खुंटीवरच्या पातेल्यातलं कोळ्याचं जाळं त्यांनी पुसलं, कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, धुरानं चुरचुरणारे डोळे चोळले आणि पाणी उकळल्यावर पाकीट त्यात सोडलं. दादा खुर्चीत बसून बघत होते. आपलं पातेलं बायकोच्या हातात बघून त्यांनी एकदा भुवया उंचावल्या, बस.

पंधरा मिनिटांनी कात्रीनं पाकीट कापलं. पिवळी, नारळाची करी. वास म्हणावा तर नावालाच. ताटली स्टुलावर ठेवून बाई सवयीनं आत निघाल्या, पण डाव्या हाताच्या चमच्यापुढे ताटली घसरू लागली. ती धरायला त्यांना तिथंच बसावं लागलं.

दादांनी दोन घास खाल्ले. तिसरा चमच्यातच राहिला.

एवढा उपद्व्याप करून शेवटी हे. चव लागत नाही का, असं बाईंनी जरा तोडूनच विचारलं. शिऱ्यासारखं लागतं, असं काहीसं दादा जड जिभेनं पुटपुटले. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "काटा ऱ्हातस म्हनीसन जेवाले येळ लागस, चेतनानी माय. एकला जेवनाराले तेवढीच सोबत."

तक्रार अशी त्यात नव्हतीच. उन्हाळ्यात ऊन पडतं, तसं सांगितलं त्यांनी ते. बाईंना मात्र लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. वास त्यांनी दाराबाहेर ठेवला होता, आणि त्याच्यासोबत बाहेर राहिलेल्या माणसाकडे अडतीस वर्षांत एकदाही दार उघडून बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्या स्वतः नदीवर गेल्या. कौसाबाईनं आधी डोळे विस्फारले, मग दादांची तब्येत विचारली आणि आजारी माणसाला सोपा पडेल असा कमी काट्यांचा मासा पुढे केला. बाईंनी भरपूर काट्यांचा राहूच मागितला. चिरून, धुऊन घेतला. घरी मागच्या अंगणात दादांनी खुर्चीतून बोटानं दाखवलं, किती मसाला, किती तिखट, आणि बाईंनी पदर नाकाशी धरून तसं केलं.

मग त्या ताटली घेऊन दादांच्या शेजारी बसल्या. चष्मा लावला. तुकडा बोटांनी उकलून एकेक काटा काढायचा, पुन्हा चाचपायचा, मग घास भरवायचा. एक काटा बोटात घुसला, त्या नुसतं हं म्हणाल्या. अंधारू लागलं तरी अर्धा मासा उरलाच होता. दादा मिटक्या मारत होते.

मध्येच त्यांची मान मागे वळली.

"दार लोटी ले," ते म्हणाले. "वास जाई घरमा."

बाईंच्या चिमटीत केसाएवढा काटा होता. तो त्यांनी उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि ताटलीच्या कडेला ठेवला.

"ऱ्हाऊ द्या उघडं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा काटा शोधू लागल्या.