मॉडचा न्याय

"पाद्र्यापुढे कबुली दिली म्हणजे पुन्हा पाप करायला सवलत मिळाली, असं नसतं हो," डिम्पना कॅव्हनाघ सगळ्यांसमोर उभी राहून सांगत होती. तेवढ्यात मागच्या बाकावर विल्बर्टचे ओठ हलले. चर्चेची अध्यक्ष मॉड गिलेस्पी हिला ते दिसले. विल्बर्ट तिचा थोरला भाऊ, दोघंही प्रोटेस्टंट.

आवाज कुणालाच आला नाही. पण उत्तर आयर्लंडमधल्या बॅन नदीकाठच्या लिनन गिरणीत चौतीस वर्षं काढलेल्या बाईला आवाज लागतो कुठे? मागांच्या खडखडाटानं तिचे कान केव्हाच गेले होते. तिथल्या बायका एकमेकींचे ओठ बघूनच गप्पा मारत. मॉडला ऐकायचं तर समोरच्याच्या तोंडाकडे बघावंच लागे, कुणाचंही अर्धवट ऐकून चालत नसे; म्हणूनच गुरुवारच्या चर्चेला प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांनीही तिला अध्यक्ष केलं होतं.

नियम एकच. वाद घाला, टोमणा नको. मारलात तर तीन गुरुवार घरी. गेल्याच आठवड्यात डिम्पनाचा नवरा फिन्टन बोलून गेला होता, "तुमचा देव रविवारी पोरांचे झोकेसुद्धा साखळीनं बांधून ठेवतो!" रविवारी खेळणंही पाप मानणाऱ्या प्रोटेस्टंटांना हा टोमणा होता. मॉडनं त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून कॅथलिक बाकांवर कुजबुज होती, स्वतःच्या माणसाला काढेल तेव्हा खरी.

आता ती गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? नवरा गेल्यापासून तिचं रविवारचं जेवण विल्बर्टच्याच घरी असे. क्षणभर मोह झालाच, खोटं कशाला बोला.

मग तिनं टेबलावर थाप मारली. "विल्बर्ट, ऊठ. तीन गुरुवार."

"मी काय केलं? कुणी ऐकलं का रे काही?"

"'शनिवारी कबुली, रविवारी पुन्हा ढोसायला मोकळे.' हे म्हणालास."

"बहिरी झालीस तू! आणि अगं, सख्ख्या भावाला यांच्यासमोर..."

"यांच्यासमोरच. फिन्टनला काढलं तेव्हा टाळ्या कुणी पिटल्या होत्या?"

"पुरावा दाखव."

डोळ्यांनी ऐकलेल्याचा पुरावा मॉडनं आणायचा कुठून?

"पुरावा मी," डिम्पना म्हणाली. "बावीस वर्षं हिच्या शेजारच्या मागावर होते. मलाही दिसलं."

"मग बोलली का नाहीस?" विल्बर्ट ओरडला.

"मॉड बोलते का, ते बघत होते."

विल्बर्टनं टोपी उचलली आणि दार आपटून निघून गेला. कॅथलिक बाकांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. मग प्रोटेस्टंट बाकांवरून एक म्हातारा उठला, दुसरा उठला आणि तेही टाळ्या वाजवू लागले. मॉडला एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता. तरी तिनं हात वर केला.

"पुरे. कुणाला काढलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत. आजपासून हाही नियम. डिम्पना, तुझी तीन मिनिटं उरलीत."

डिम्पनानं बोलायच्या आधी मॉडकडे वळून, आवाज न काढता, मागांवर असताना हलवायची तसे ओठ हलवले. ते एकट्या मॉडनं ऐकलं.

"रविवारी जेवायला आमच्याकडे ये."