खाचांची टायरं

मालनबाईने टायरच्या खाचेत बोट घातलं. ते पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. शेजारच्या उथळ नक्षीच्या, जवळजवळ गुळगुळीत टायरवरून तिने नुसता हात फिरवला आणि लुगड्याला पुसला.

जामखेडच्या त्या दुकानात तिचे थोरले दीर सूर्यभान त्या उथळ नक्षीच्या टायरांचाच सौदा करत होते. धाकटा भाऊ, म्हणजे मालनबाईचा नवरा, वारल्यावर मागे उरलेली पिकअप नगरच्या व्यापाऱ्याला विकायची, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. व्यापाऱ्याला टायर नवे हवे होते, डांबरी सडकेवर पळणारे. मालनबाईची काही ना नाही, असंही ते गावभर सांगत फिरले. थोरल्या दिरापुढे भावजयीने तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. मग ती हो तरी कधी म्हणाली होती? पण न बोलणाऱ्या बाईचा होकार गृहीत धरायला कोणाचं काय जातं.

बाहत्तरचा दुष्काळ. डोंगराकडच्या वस्त्यांना पाण्याची पिंपं पोचवायला गाडी हवी होती, खडी फोडायला जाणाऱ्या बायांना हवी होती. तिकडच्या वाटेवर नुसते दगड, उथळ नक्षीचे टायर तिथे घसरणार. नवऱ्याने आटलेल्या तळ्यात तिला गाडी शिकवली, ती काय विकण्यासाठी?

दिराकडे पाठ करून ती दुकानदाराला म्हणाली,

"त्यास्नी सांगा, ही खाचांची टायरं बसवायची. गाडी इकायची न्हाई."

सूर्यभान हातभर अंतरावर होते. त्यांनीही दुकानदाराकडेच पाहिलं.

"तिला म्हनावं, बाईमानूस गाडी घिऊन काय करनार?"

"म्हनावं, गाडी माझ्या मालकाची हाय. आन् टायरांचं पैसं माझ्या पाटल्यांचं हायेत."

दोघांच्या मधे सापडलेल्या दुकानदाराने खाचांची टायरं पुढे ओढली आणि जॅक लावला.

टायर बसले. धुसफुसत का होईना, नव्या चाकांखाली लिंबू ठेवायची रीत सूर्यभानांनी चुकवली नाही. लिंबं ठेवून ते उठले, तर स्टिअरिंगमागे मालनबाई बसलेली. रस्त्यावरची माणसं थबकून बघू लागली.

"तिला उतरायला सांगा," ते दुकानदाराला म्हणाले.

दुकानदार हात पुसत राहिला. इंजिन सुरू झालं, लिंबं फुटली. गाव लांब होतं. सूर्यभान धावत येऊन शेजारी चढले.

मालनबाईने कपाळावरचा पदर मागे सारला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच दिराच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"घट्ट धरून बसा, भावजी. फुडं सडक न्हाई."