सगळं मी एकटीच करते

सकाळी सव्वासहाला धाकटीने दुधाच्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढल्या, जावेच्या जुळ्यांचे डबे भरले, मोज्यांच्या जोड्या लावल्या आणि जावेच्याच रडणाऱ्या बाळाला खांद्यावर टाकलं. तिची स्वतःची साडेसहा वर्षांची चिमी वेणी घालून घ्यायला ताटकळत उभी होती. ती वेणी रोजच शेवटी राहायची.

चार वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून मायलेकी दिराच्या घरी राहत होत्या. लोक म्हणत, दिराने आधार दिला. आधार कसला डोंबलाचा! बिनपगारी, बिनसुट्टीची बाई मिळाली होती त्या घराला. थोरली जाऊ फक्त वेळापत्रक लिहायची. फ्रिजच्या दारावर रंगीत पेनांनी आखलेला मोठा कागद, अक्षर मोत्यासारखं. आठला आंघोळ, दीडला झोप, पाचला दूध. बाळाला सव्वाचारलाच भूक लागते, हे त्या कागदाला ठाऊक नव्हतं आणि थोरलीलाही. तरी त्याच कागदाच्या जोरावर तिचं नाव झालं होतं. लहान मुलं सांभाळून घर नीटनेटकं कसं ठेवावं यावर ती भाषणं द्यायची, बायका तोंडात बोटं घालायच्या. आता तर तिचे रोज सकाळी वर्ग सुरू व्हायचे होते.

त्या सोमवारी फ्रिजवर नवा कागद लागला. पुढच्या आठवड्यापासून, नऊ ते एक, बाळाजवळ चिमी.

"जाऊबाई, नऊ ते एक तिची शाळा असते," धाकटी म्हणाली.

"माहितेय गं. पण मी वर्गात, तू स्वयंपाकात, मग बाळाकडे बघणार कोण? वर्षभर घरी राहिली तर काय बिघडतंय? पहिलीत असं काय मोठं शिकवतात?"

"जुळीही पहिलीतच आहेत की."

दिराने पेपरातून डोकं वर काढलं. "ज्या घरात राहायचं, त्या घराला हातभार नको लावायला? अन् पोरीला काही दगड फोडायला पाठवत नाहीये आम्ही."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. स्वतःचं आयुष्य या घराने खाल्लं ते तिने मुकाट्याने सोसलं होतं. आता हे पोरीच्या शाळेवर उठले होते.

ती भांडली नाही. दुपारी बाळाला बागेत नेताना ती वाट वाकडी करून पाळणाघरात गेली. तिथल्या बाई तिला दोन वर्षं बागेत बघत होत्या, कामाला ये म्हणून मागे लागल्या होत्या.

"इथे राहायला एक खोली रिकामीच आहे," त्या म्हणाल्या. "उद्याच ये."

"गुरुवारी येते. गुरुवारी घरी पाहुणी यायचीय," धाकटी म्हणाली आणि गालातल्या गालात हसली.

पाहुणी म्हणजे एका वर्तमानपत्राची वार्ताहर. थोरलीच्या घरावर ती पानभर लिहिणार होती. गुरुवारी पावणेचारला थोरलीने मायलेकींना मागच्या खोलीत धाडलं. "घरात मदतीला कोणी नाही, सगळं मी एकटीच करते, असं सांगितलंय मी तिला. ती जाईपर्यंत बाहेर यायचं नाही. काहीही झालं तरी. कळलं?"

"कळलं," धाकटी म्हणाली. "काहीही झालं तरी."

सव्वाचारला बाळाने भोकाड पसरलं.

थोरलीने त्याला उचललं, तर ते धनुष्यासारखं ताठ झालं. तिने एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं. बाटली सापडली तर झाकण मिळेना.

"आई, ती पाण्याची बाटली आहे," जुळ्यांतला एक म्हणाला.

"पावडर किती चमचे घालता?" वार्ताहराने सहज विचारलं. थोरली डबा फिरवून त्यावरचं बारीक अक्षर वाचू लागली.

"काकू ना, आधी हातावर थेंब टाकून बघते," दुसरा म्हणाला.

"काकू कोण?"

"शेजारच्या," थोरली घाईने म्हणाली.

"नाही काही! मागच्या खोलीत आहे ती. तूच तर बसवलंस."

सूड वाईट, असं तुम्हाला शिकवलं असेल. असो. दाराला कान लावून बसलेल्या धाकटीला मात्र त्या घरात चार वर्षांत एवढं सुख कधी मिळालं नव्हतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

शेवटी थोरलीने दार ठोठावलं. "अगं, बाहेर ये ना जरा!"

"काहीही झालं तरी यायचं नाही, असं म्हणालात ना?" धाकटी खणखणीत आवाजात म्हणाली. मग दार उघडलं. तिच्या हातात पिशवी होती, चिमीच्या पाठीवर दप्तर होतं आणि चिमीची वेणी घट्ट घातलेली होती.

"लिहून घ्या, बाई," ती वार्ताहराला म्हणाली. "या घरातलं सगळं मी करते. मी एकटी कमी पडेन म्हणून हे लोक सोमवारपासून या पोरीची शाळा बंद करणार होते. तो बघा कागद, फ्रिजवर लावलाय."

वार्ताहर उठून फ्रिजपाशी गेली.

बाळाने धाकटीकडे दोन्ही हात पसरले. त्याच्याशी तिचं वैर नव्हतं. "तीन चमचे, कोमट पाण्यात," ती थोरलीला म्हणाली आणि चिमीचं बोट धरून बाहेर पडली.

जिना उतरताना चिमी थबकली. "आई, बाळ रडतंय गं अजून."

"रडू दे," धाकटी म्हणाली. "त्याची आई आहे घरात."